रुमालाखाली अडकलेला हात

सासूबाईंच्या बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर माझ्या लग्नाचा फोटो होता. होता म्हणतो, कारण गेल्या पावसाळ्यात तो काढून तिथे मोर लावला. मोर माझ्या साडूने टिपलेला, पिसारा फुलवून उभा. माझा फोटो धान्याच्या कोठीवर पालथा पडलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"फोटोत तुमचं तोंड लई रागीट आलंय, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे बिचकतात."

मी एका शेळीवर जनावरांचा धंदा सुरू केलेला माणूस. आज सिरसाळ्याच्या बाजारात मला लांबून पाहिलं तरी बैल विकणाऱ्यांचा आवाज खाली येतो. आणि बीडला शिकवणी वर्ग चालवणाऱ्या साडूचा एक पक्षी मला भिंतीवरून उतरवतो? मी कॅमेरा घेतला, दुकानदाराला रडकुंडीला आणून घेतला, आणि दसरा उलटल्यावर साडूला म्हणालो, "चला, मला बी दाखवा तुमचं ते मोरांचं रान."

पाटोद्याकडच्या त्या अभयारण्यात साडूचा नियम एकच: बोलायचं नाही. तोंड मिटून डोंगर चढणं काय असतं ते मला विचारा. सूर्य वर आला, पायमोज्यात कुसळं भरली, आणि माझ्या कॅमेऱ्यात तोवर तरवडाची पिवळी फुलं, माझाच बूट आणि पाठमोरा साडू एवढंच जमलं होतं.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, अभयारण्याची हद्द संपते तिथे, एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. मी हळूच विचारलं, "मामा, मोर कुठं उतरतेत?"

"ठावं हाय की. पर आधी माझ्या मेंढरांचे फोटू काढा. सरपंचाच्या कुत्र्याचा बी फोटू हाय, माझ्या एडक्याचा न्हाई."

"एडक्याचा एक काढतो."

"समद्यांचे काढा."

"समद्यांचे? मामा, सकाळी सकाळी..."

"श्श!" साडू दातओठ खात कुजबुजला. "पळतील हो ते!"

म्हातारा हसला. त्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल काढून दोन्ही हातांवर टाकला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायची, बाहेर कुणाला काही कळत नाही. आणि सौदा जुळेपर्यंत हात सोडायचा नाही. आधी सोडला तो हरला.

एक बोट म्हणजे एक मेंढरू. मी त्याचं एक बोट दाबलं. त्याने माझा अख्खा पंजा आवळला, म्हणजे पाच. मी दोन दाबली. त्याने पुन्हा पंजा. म्हातारा पक्का होता, पण मीही काही आजचा नाही.

तेवढ्यात साडूने माझ्या पाठीत कोपर खुपसलं. "मोर!"

दहा पावलांवर झुडपातून मोर बाहेर आला होता. पिसारा झडलेला, मागे नुसती बोटभर खुंटं. असला मोर बाजारात आणला असता तर मी त्याचा भाव निम्म्यावर पाडला असता. पण निळी मान उन्हात अशी चमकत होती की मी बघतच राहिलो.

"काढा की फोटो, साडूभाऊ! हात सोडा त्यांचा!"

हात कसा सोडणार? म्हाताऱ्याला माझी अडचण कळली आणि त्याने पकड आणखी घट्ट केली. मी डाव्या हाताने कॅमेरा उचलला, तर भिंगावर झाकण तसंच. झाकण दाताने काढायला गेलो, ते ओठात अडकलं. मोर आमच्याकडे पाहत निवांत तीन-चार पावलं चालला, थांबला, आणि झुडपात शिरला. त्याच क्षणी मी तिसरं बोट दाबलं आणि म्हाताऱ्याने तीनवर सौदा मान्य केला.

"जितलो!" मी ओरडलो. डोंगरावरचे उरलेसुरले मोरही उडाले.

तीन मेंढरांचे फोटो मी इमानदारीने काढले. एडका काही सरळ उभा राहिला नाही.

साडूने मात्र बाजूला सरकून फोटो घेतला होता. मधे मोर, कडेला तोंडात झाकण धरलेला मी, माझ्यापलीकडे म्हातारा, आणि आमच्या हातांवर रुमाल. सासूबाईंना तो फार आवडला. म्हणाल्या, यात तोंड झाकलंय ते बरं झालं.

आता साडू म्हणतो, भिंतीवर लावायचा तर कडेची माणसं कापावी लागतील. मी म्हणालो, कापायची तर म्हाताऱ्याला कापा. तो म्हणाला, निदान तुमचा खांदा तरी. मी खांदा सोडायला तयार नाही. गेले आठ दिवस फोनवर सौदा चाललाय; साडू आता खांद्यावरून कोपरापर्यंत उतरलाय.