अक्काची राक्षसीण

अक्का गेली हे कळवायला तिच्या भाच्याने फोन केला आणि त्याच दमात विचारलं, "श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्या राक्षसिणीच्या सिनेमाचा फोटो टाकू का? अक्काला लई आवडायची की ती गोष्ट." रडू यायच्या आधी मला शिसारी आली. टाकलास तर फाडीन, असं म्हणून मी फोन ठेवला. मग रडले.

अक्का सोलापुरात आमच्याच गल्लीत विड्या वळायची. दुपारी तिच्या ओसरीवर आम्ही शेजारणी मांडीवर सूप घेऊन बसायचो. तेवढा वेळ ती वाचायची आणि तिच्या वाट्याच्या विड्या आम्ही वळायचो, असा रिवाजच पडला होता. जाडजूड अद्भुत कादंबरी, मराठीतली. वाचता वाचता ती अर्धं तेलुगूत सांगायची. त्यातली राक्षसीण आम्हाला घरचीच वाटायची. डोकं ढगात, पण टाचांना भेगा. शेवटी माणसं भाले घेऊन अंगावर येतात, ती त्यांना कंटाळते, लुगडं खोचते आणि डोंगर ओलांडून चालती होते... तिथं आमची बोटं थांबायची.

मग त्यावर सिनेमा आला. आम्ही नटूनथटून गेलो. काय ती घाण! राक्षसीण म्हणे विशीतली, कंबर चिमटीएवढी, जिकडे तिकडे नाचतेय. आणि शेवटी तिला जिवंत जाळली. पडद्यावर ढोल, खाली पोरांच्या शिट्ट्या. अक्का अंधारातच उभी राहिली. "असलं न्हाय पुस्तकात! मेलीच न्हाय ती! उठा गं." आम्ही उठलो. बाहेर येऊन ती पचकन थुंकली. "वाट लावली पुस्तकाची मेल्यांनी."

तेराव्यानंतर भाच्याने ते पुस्तक मला आणून दिलं. मी पहिल्यांदाच स्वतः वाचलं. राक्षसीण मरते. दीड ओळीत, भाला लागून. भेगा नाहीत, लुगडं नाही, डोंगर नाही. सिनेमावाल्यांनी निदान ढोल तरी वाजवले. ह्या लेखकाने कोंबडी कापावी तशी उरकून टाकली. मला त्याचीही किळस आली. इतकी वर्षं गोष्ट अक्काची, आणि नाव ह्याचं!

परवा दुपारी बायकांनी मला वाचायला बसवलं. शेजारणीने माझं सूप स्वतःकडे ओढलं. "शेवटच वाच की," ती म्हणाली. मी शेवटचं पान उघडलं. भाल्याच्या ओळीवर तंबाखूचा तपकिरी डाग होता, बोटाएवढा. मी त्यावरच बोट ठेवलं आणि राक्षसिणीला डोंगरापलीकडे नेलं.