हिरव्या ठिपक्यांचा वरबाप

थायलंडमधल्या फुकेतची सहल करून किर्गिझस्तानातल्या नारिनला परतलेल्या जापारकुलला ताप आला, सांधे ठणकले आणि पाठोपाठ अंगभर पुरळ उठलं. सायराने नवऱ्याला कांजिण्या झाल्याचं ठरवलं आणि घरातलं जंतू मारायचं हिरवं औषध काडीने प्रत्येक पुळीवर लावलं. मुलाचं लग्न तोंडावर आलेलं. कांजिण्या असतील, तर वरबापालाच मांडवात मज्जाव होता.

"काकू, मला बघायला थोडी कातडी तरी ठेवायची," डॉक्टर नाझगुल म्हणाली. "काका, टोपी काढा."

"टोपी मी सासऱ्यापुढेही काढलेली नाही."

"काढा हो. आत काय आहे ते अख्ख्या नारिनला ठाऊक आहे," सायरा म्हणाली.

उंच पांढरी टोपी उतरली. टक्कल लख्ख होतं, एकही फोड नव्हता.

"कांजिण्या सहसा डोकं सोडत नाहीत." डॉक्टरने ठिपक्यांमधली लाल कातडी दाबली, ती पांढरी पडली. "तिकडे डास चावले?"

"चावले? अंगावर जेवायलाच बसले होते," जापारकुल म्हणाला.

रक्ततपासणीत डेंग्यू निघाला.

"तो शेजारी बसून लागत नाही, आणि त्याचा डास इथल्या थंडीत टिकत नाही. लग्नाला खुशाल जा. पण भरपूर पाणी प्या आणि नाचू नका."

जापारकुलचं तोंड उतरलं.

"ते नाचायचं नाही, एवढं पाहुण्यांसमोर पुन्हा एकदा सांगाल का?" सायरा म्हणाली. "माझं कोणी ऐकत नाही."