माझ्या अंगणातली पांजण

भाडेकरू हे काय प्रकरण असतं, ते नवरा असेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तो सगळं परस्पर निस्तरायचा आणि माझ्या कानावर फक्त कोण आलं, कोण गेलं एवढंच यायचं. तो गेला आणि सोलापूरच्या पूर्व भागातलं ते मातीच्या भिंतींचं, धाब्याचं घर माझ्या गळ्यात पडलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मधे लांबलचक अंगण, एका अंगाला माझ्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला भाड्यानं दिलेल्या तीन, आणि बोळात उघडणारं एकच फाटक. नळ आमच्या बोळात अजून यायचा होता. पाण्यासाठी बोळाच्या टोकाच्या आडावर जावं लागे.

आमच्या वाटण्या नवऱ्याच्या हयातीतच झाल्या होत्या, त्यामुळे घर माझं, यात वाद नव्हता. पण माझे धाकटे दीर वैरागला आडतीचं दुकान चालवायचे, आणि त्यांना त्या घरात शेंगांच्या पोत्यांचं गोदाम दिसायचं. दर खेपेला म्हणायचे, "वहिनी, भाडेकरू सांभाळणं बाईमाणसाचं काम न्हाय. घराचं मी बघतो. तुमी वैरागला या, दोन घास खाऊन सुखानं ऱ्हावा." ते दोन घास आधी मलाच त्यांच्या सगळ्या खटल्यासाठी रांधावे लागणार होते, हे ते सांगत नसत. मला ते सांगायची गरजही नव्हती. एकदा वैरागला गेले की मी परत येणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आता भाडेकरूंविषयी. तेलंगणातून आलेलं विणकरांचं कुटुंब होतं, घरात तेलुगू बोलणारं. एक म्हातारा, त्याचे दोन मुलगे, दोन सुना आणि म्हाताऱ्याची बहीण. भाडं चोख द्यायचे, त्यामुळे माझ्या तक्रारीत कुणाला दमच वाटत नसे. भाडं मिळतंय ना, मग गप्प बस, असं सगळ्यांचं म्हणणं. पण त्यांनी मला न विचारता खोल्यांत हातमागासाठी खड्डे खणले होते. सुताला लावायची आंबलेली खळ ते माझ्या दारापुढच्या मोरीत ओतायचे आणि माश्या माझ्या ताटावर येऊन बसायच्या. माझ्याच भिंतीत त्यांनी भली मोठी खुंटी ठोकली होती, तीही न विचारता.

आणि पांजण. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. विणायच्या आधी उभ्या सुताला खळ लावून ते कडक करावं लागतं. त्यासाठी हे सगळं उभं सूत, म्हणजे ताणा, मोकळ्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधतात. मग घरातले सगळे दोन्ही बाजूंनी उभे राहतात, मोठाले कुंचे घेऊन खळ चोळत पुढं सरकतात, आणि मागचे तुटलेले धागे जोडत येतात. सूत ओलं असताना काम मधेच सोडता येत नाही. तसंच वाळलं तर धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. माझ्या अंगणात हा ताणा माझ्या दाराजवळच्या खुंटीपासून फाटकापर्यंत लागायचा. मला पाण्याला जायचं तर त्या ओल्या सुताखालून घागर घेऊन वाकत जावं लागे. पाठीला खळ लागली की त्या सुना फिदीफिदी हसायच्या.

जवळजवळ रोज सकाळी कुंच्यांची खसखस सुरू झाली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. जेवण गोड लागेना. दुपारी पडले तरी डोळा लागेना. दिवसभर मी त्या लोकांशी मनातल्या मनात भांडायची, आणि त्या भांडणांत असे काही चोख जबाब द्यायची की म्हातारा माझ्या पाया पडायचाच बाकी राहायचा. प्रत्यक्षात त्यांच्या दारात गेले की जीभ टाळ्याला चिकटायची. रागाच्या भरात भांडी आपटून पाहिली, तर पोचे माझ्याच भांड्यांना पडले. कुणाला सांगावं तर लोक म्हणायचे, एवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसता. हे एवढंतेवढं रोज उठून सोसलं की माणूस कसं झिजतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.

तरीही मी बोलायला गेलेच नाही असं नाही. पण मी गेले की मुलगे नेमके बाहेर गेलेले असत. थोरली सून दोन्ही हात हलवून मराठी येत नसल्याचं दाखवी आणि दार लावून घेई. हीच बाई भाजीवाल्याशी मराठीतून अशी घासाघीस करायची की तो बिचारा पाटी उचलून पळ काढायचा. म्हातारा कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण करी. त्याच्या मागाचा धागा तुटला तर ते मात्र त्याला पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं.

शेवटी मी थकले. दीर पुन्हा आले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, येते." ते इतके खूश झाले की गुळाची ढेप ठेवून गेले. सोमवारी सकाळी टांगा घेऊन येतो, सामान बांधून ठेवा, म्हणाले.

रविवारी मी पेटी उघडून लुगडी भरायला बसले. बाहेर ती माणसं आपापसात काहीतरी बोलून हसत होती. माझ्यावर हसत नसतीलही. पण हातातल्या घडीकडे माझं लक्ष गेलं आणि मला स्वतःचाच संताप आला. माझ्या घरातून मी निघाले होते, आणि ज्यांच्यामुळे निघाले होते ते खुशाल राहणार होते. दीर त्यांनाही काढतील ही गोष्ट वेगळी, पण मला त्याचं काय सुख? मी लुगडी परत फडताळात ठेवली. घर सोडायचं नाही, एवढं त्या घटकेला पक्कं झालं. आणि मग साधीच गोष्ट डोक्यात आली. ही माणसं एरवी माझ्या हाती लागत नाहीत, पण पांजणीला सगळी एका जागी असतात, हात गुंतलेले असतात, आणि कुणाला हलता येत नाही.

सोमवारी उजाडल्यावर पदर खोचून मी दारात उभी राहिले. ताणा लागला होता, खळ चढली होती. छाती धडधडत होतीच, पण तिला म्हटलं, तू धडधड, मी बोलते.

"आज मला तुमच्याशी बोलायचं हाय," मी मोठ्यानं म्हटलं.

म्हातारा सवयीनं कानाकडं हात नेऊ लागला, पण हातात खळीनं माखलेला कुंचा होता. त्यानं तो तसाच खाली घेतला. मुलगे एकमेकांकडं बघू लागले. आणि तेवढ्यात माझ्या भिंतीतली ती खुंटी मातीच्या ढेकळासकट उपटून आली. मातीच्या भिंतीत एवढ्या ओढीची खुंटी ठोकल्यावर दुसरं काय होणार? तिला बांधलेला ताण्याचा दोर सर्रकन सुटला, ताणा खाली येऊ लागला, आणि मी दोन्ही हातांनी दोर धरला. त्यात दयाबिया काही नव्हती. एवढं सूत मातीत जाताना दिसलं आणि हात पुढं गेले. उंबऱ्याला टाच रोवून मी उभी राहिले.

 मग म्हातारा अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "अम्मा, सोडू नका."

"न्हाय सोडत," मी म्हटलं. "पण धरलंय तोवर ऐकून घ्या. पांजण आठवड्यातनं दोनच दिवस. माझ्या दारापुढनं वाट मोकळी ठेवायची. खळीचं पाणी माझ्या मोरीत न्हाय, बाहेर गटारात. भिंतीला हात लावायचा तर मला विचारून. आनि मी बोलायला आले की दार लावायचं न्हाय."

कुंचे चालूच होते, चालू ठेवावेच लागत होते.  मग थोरली सून धागा जोडता जोडता म्हणाली, "दोन दिवसांत कसं भागंल, अम्मा? माग तीन हायेत की. तीन दिवस द्या."

"तुला मराठी येतं की," मी म्हटलं.

ती खाली मान घालून हसली. मलाही हसू आवरेना, आणि दोर हलला तशी म्हाताऱ्यानं धास्तीनं माझ्याकडं पाहिलं. तीन दिवस मी कबूल केले. बाकीचं म्हाताऱ्यानं मान हलवून कबूल केलं, आपल्या बहिणीकडून आणि मुलांकडूनही वदवून घेतलं.

त्याच वेळी फाटकाशी टांगा थांबला. नवं कोरं धोतर, डोक्याला फेटा, असे दीर उतरले. फाटक ढकललं, तर समोर वाट अडवून ओला ताणा.

"वहिनी, हे काय मांडलंय? सोडा ते. सामान कुटं हाय?"

"हात मोकळा न्हाय, भाऊजी. तितनंच बोला."

"बोळात हुबं ऱ्हाऊन बोलायची गोष्ट हाय का ही?"

बोळातले दोघे-चौघे थांबून ऐकू लागले होते. दोर तळव्यांना काचत होता. एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागणार होतं, आणि ते बरंच झालं. हळू आवाजात मला ते कधी जमलं नसतं.

"मी येत न्हाय," मी ओरडले. "घर माझं हाय, मीच बघनार. भाडेकरूबी माझेच हायत, त्यांचंबी मीच बघनार."

ते काही तरी पुटपुटले. ताण्याखाली वाकायचा विचार करून त्यांनी एकदा धोतराचा सोगाही उचलला.  ते आत येऊन माझ्यासमोर ओट्यावर बसले असते, नवऱ्याचं नाव काढलं असतं, डोळ्यांत पाणी आणलं असतं, तर मी टिकले असते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

ते भाडेकरू पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडं राहिले. भांडणं होतच राहिली. मोरीत खळ पुन्हा आली, चौथ्या दिवशीही पांजण लागली, आणि दर वेळी मी अंगणात उतरून बोलले. धडधड काही एका दिवसात गेली नाही. पण त्या दिवशी दिरांनी खळीनं पांढरं झालेलं सूत पाहिलं, मग आपलं धोतर पाहिलं, सोगा खाली सोडला आणि ते टांग्यात जाऊन बसले.