अंबाडीच्या पाण्यात पट्टी विझली

आम्रपाली सोनकांबळे उदगीरकडून लग्न होऊन आकुर्डीला आली, त्याला बावीस वर्षं झाली. नवरा चाकणच्या कंपनीत, आणि ती घरून डबे देते. मंगळवारी अंबाडीची भाजी ठरलेली. ती मात्र सासूच्या पितळी पातेल्यातच शिजायची.

मुलगी दीक्षा ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकते. प्रोजेक्टसाठी तिनं कागदाच्या पट्ट्या घरी आणल्या. पट्टीवर थेंब टाकायचा आणि अंधारात जांभळ्या उजेडाची बॅटरी धरायची. पट्टी निळी चमकली तर ठीक, विझली तर अन्नात तांबं उतरलंय.

भर दुपारी मायलेकी बाथरूमचं दार लावून उभ्या राहिल्या. वरणाचा थेंब पिवळा चमकला.

"हे चांगलं की वाईट?"

"ती हळद आहे, आई. हळद स्वतःच चमकते. हे धरायचं नाही."

नळाचं पाणी निळं. मग उकडलेल्या अंबाडीचं पाणी टाकलं, आणि पट्टी काळी पडली.

आम्रपालीला एकच सुचलं: भाजीच खराब. भाजी द्यायच्या जाईबाई. आळंदीजवळ नदीकाठी त्यांचा वाफा, आठ वर्षं त्या बसनं भाजी घेऊन येत होत्या.

"मावशी, अंबाडी नको आता. पट्टी विझली."

"कसली पट्टी? काय हाय माझ्या भाजीत?"

"ते मलाबी कळंना."

शेजारणी बघत होत्या. जाईबाई पाटी उचलून निघून गेल्या.

त्यानंतर आम्रपालीला कशाचाच भरवसा वाटेना. आपले गुडघे दुखतात ते यानंच का? दीक्षाचे केस गळतात ते? डबे घेणारी पोरं अंबाडी विचारत होती. काय सांगावं?

पाचव्या दिवशी जाईबाई स्वतःच अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन दारात आल्या. "शिजव माझ्याम्होरं."

पितळी पातेल्यात वरण होतं, म्हणून अंबाडी स्टीलच्या भगुण्यात उकडली. तिघी बाथरूममध्ये दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. पट्टी लख्ख निळी! दीक्षाही गोंधळली. तिनं पितळी पातेलं रिकामं करून घासलं आणि उरलेली जुडी त्यात उकडली. पट्टी विझली. पातेल्याच्या आत कल्हई कुठेच नव्हती, नुसतं पिवळं पितळ.

"आई, भाजी चांगली आहे. आंबट पाल्यानं पितळातलं तांबं ओढलंय."

"चुकलं माझं, मावशी," आम्रपाली म्हणाली.

जाईबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. "इतकी वर्सं त्यातच खाल्लं न्हवं तुमी? मंग काय झालं?"

पट्टी तांबं आहे एवढंच सांगते, किती ते नाही, असं दीक्षा म्हणाली आणि पितळी पातेल्यातलं अंबाडीचं पाणी बाटलीत भरून कॉलेजला घेऊन गेली.

कल्हई करून पातेलं चांदीसारखं झालं. "ही कल्हई म्हणजे पण धातूच ना?" आम्रपालीनं विचारलं.

"कथील. ते चालतं."

एक चालतो, एक चालत नाही. तिनं पातेलं फळीवर ठेवून दिलं. स्टीलमधली भाजी डबे घेणाऱ्यांपैकी दोघांना बेचव लागली, बाकीच्यांनी जास्त मागितली. जाईबाई पुन्हा यायला लागल्या, पण आता आधी शेजारणीकडे थांबतात.

महिन्यानं कॉलेजच्या मशीनवरून त्या पाण्यातल्या तांब्याचा आकडा आला. दीक्षानं तो दोनदा समजावला.

"म्हणजे आजवर खाल्लं त्याचं काय?"

"ते या आकड्यावरून कळत नाही, आई."

आम्रपालीनं मान हलवली. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, ते दीक्षालाही समजलं नाही.