विरासतीच्या फाईलमधली बाई

आमची भावकी शिंप्यांची. गुलमंडीतल्या दुकानांच्या वाटण्या केव्हाच झाल्या, पण सर्वपित्री अमावस्येला सगळे अजून थोरल्या घरी जेवायला जमतात. तिथं गुरुजी एकेका पूर्वजाचं नाव घेतात आणि त्याला 'सपत्नीक' जोडतात. माझ्या पणजोबांचं नाव मात्र एकटंच घेतलं जायचं.

माझी आत्या ते दरवर्षी ऐकून घ्यायची. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. पणजी म्हणजे तिची सख्खी आजी, आणि आत्या वाढली ती तिच्याच मांडीवर. पणजोबा तरुणपणीच गेले. पणजी लहान मुलाला घेऊन छावणीजवळ माहेरी जाऊन राहिली, ती कायमचीच. तेवढ्यावरून थोरल्या घरात ठरून गेलं, की ती लग्नाची नव्हतीच.

गेल्या वर्षी आत्या पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. "माझ्या आजीचं नाव कधी घेणार तुम्ही?"

थोरल्या घरचे दादा, पणजोबांच्या थोरल्या भावाचे पणतू, नात्यानं माझे चुलतभाऊ, पान मांडता मांडता हसले. "आत्याबाई, कागद दाखवा, लगेच घेतो. तोंडी कारभार नाय चालत."

परत येताना रिक्षात आत्या मला म्हणाली, "माझ्या देखत व्हायला पाहिजे हे. तू हिशेबाचा माणूस. काढ कागद."

निजामाच्या राज्यात माणूस गेला की वारस कोण, याची चौकशी व्हायची. तीच विरासतीची फाईल. बऱ्याच खेपा घातल्यावर पणजोबांच्या फाईलची नक्कल मिळाली, ती सगळी उर्दूत. ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, त्यांच्याकडं गेलो. मास्तर वाचत गेले, मी रकाने आखून उतरवत गेलो: नाव, नातं, वय, धंदा. मुलाचं नाव जुळलं. तो आत्याचा बाप. पण विधवेच्या नावाशी माझा हात थांबला. आमच्या पणजीचं नाव नदीचं. कागदावर होतं देवीचं.

मी पुन्हा वाचायला लावलं.

"साब, चार बार पढ़े तो बी येइच निकलता," मास्तर म्हणाले.

म्हणजे दादांचंच खरं. लग्नाची बायको कुणी दुसरीच, आणि आमची पणजी मागून आलेली. आत्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, काही कळेना. घरी बायकोनं खोदून विचारलं तेव्हा आखलेला कागद तिच्यापुढं सरकवला.

तिनं तो वाचला आणि मला विचारलं, "माझी आई मला काय नावानं हाक मारते?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव मीच लिहिलं होतं.

"तुमची पणजी जन्मभर माहेरी राहिली," ती म्हणाली. "तिला सासरच्या नावानं हाक मारणार कोण? बायकांची चौकशी पुरुषांनी केली की असं होतं."

पटलं. पण दादांपुढं नुसतं पटून भागलं नसतं. एका बाईची दोन नावं असतील, तशा दोन बायकाही असतील. मी पुन्हा मास्तरांकडं गेलो आणि विधवेबद्दल लिहिलेलं सगळं सावकाश वाचा म्हणालो. तिच्या नावापुढं बापाचं नाव होतं, आणि त्याचा धंदाही. पहिल्या दिवशी मास्तर नुसतं 'सिलाई का काम' म्हणाले होते आणि मी 'शिंपी' लिहून मोकळा झालो होतो. आमच्यात सगळेच शिंपी, त्यात काय बघायचं!

"मूळ शब्द काय आहे?" मी विचारलं.

"खैमादोज़. मतलब तंबू सीने वाला."

तिथूनच आत्याला फोन लावला. कागदाचं काही बोललो नाही. "आत्या, तुझ्या आजीचा बाप काय शिवायचा गं?"

"कपडे नाय रं. पलटणीचे तंबू. वीतभर दाभण हातात. आजीचा टाका पण तसाच, गोधडी फाटंल पण उसवायची नाय. का रं?"

मी हसतच सुटलो. मास्तरांनी आतून चहा मागवला.

यंदा सर्वपित्रीला दादांनी चष्मा लावून कागद पाहिला. माझ्या बायकोचा दोन नावांचा मुद्दा त्यांनी मान्य केला, पण तंबूवाला सासरा हा आमच्याच पणजीचा बाप कशावरून, म्हणाले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "कशावरून? तुझ्या आज्यानं तिला 'तंबूवाल्याची' म्हणून जन्मभर हिणवलं, व्हय ना? शिंप्याच्या घरात तंबूवाल्याच्या पोरी किती आणल्या होत्या तुम्ही?"

कुणीतरी खुदकन हसलं. दादांनी कागदाची घडी घातली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, सपत्नीक म्हणा. बाईचं नाव सांगतो." त्यांनी देवीचं नाव सांगितलं.

"माहेरचं पण घ्या," आत्या म्हणाली. "ज्यांनी सांभाळली त्यांनी ठेवलेलं नाव आहे ते."

गुरुजींनी दोन्ही नावं घेतली, मोठ्यानं, ओसरीपर्यंत ऐकू जातील अशी. आत्यानं हात जोडले. नंतर जेवताना तिनं खीर दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा ती दादांनाच वाढायला लावली.