गावपळणीत पुण्याच्या मुलीने तळलेली भजी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि अक्षर तर कुर्ली वाळूवरून पळाल्यासारखं आहे. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर तेवढं पोटात घाला. चारचौघांत मला बोलायला जमत नाही आणि हसू तर गेले आठ दिवस आवरत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या आचऱ्यात शेजारी पुण्याची एक मुलगी महिनाभर खोली घेऊन राहिली होती. मोबाइलवर तिला लाखभर माणसं बघतात. रोज नवा ड्रेस, नवा गॉगल आणि रोज तेच वाक्य: हे सगळं मी माझ्या कमाईवर करते. जेवण माझ्याकडे. कॅमेऱ्यासमोर तिला कुर्ल्या लागायच्या, अख्खी सुरमई लागायची. पैसे मात्र कंपनीकडून आले की देते म्हणायची. मी लाजेने कधी मागितले नाहीत. मासळीसाठी बचत गटातून तीन हजार उचलले आणि गावपळण संपली की सभेत भरते, असं सगळ्या बायकांसमोर कबूल करून बसले.

देवाचा कौल झाला की आम्ही तीन दिवस गाव रिकामा करतो, ती गावपळण. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर झोपड्यांत. चाकरमानी येतात, बघे येतात, नुसती मजा. ती मुलगीही आमच्याच झोपडीत आली.

पहिल्या दुपारी ती झोपडीसमोर लाइव्ह उभी होती. कमाईचं वाक्य नुकतंच म्हणून झालं होतं. तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली आणि घामाघूम झालेले तिचे वडील उतरले. ते आधी गावात जाऊन आले होते. हॉर्न वाजवून दमले. सगळी दारं बंद, कुठे धूर नाही, कुत्रं भुंकत नाही. गावात काहीतरी भयंकर घडलं आणि पोर गेली, असंच त्यांना वाटलं होतं. ती धडधाकट दिसल्यावर भीतीचा राग झाला. मोबाइल चालू आहे याचं भान न ठेवता ते म्हणाले, "कार्ड बंद केलं म्हणून बापाचा फोनसुद्धा उचलायचा नाही?"

लाखभर माणसांनी ऐकलं. माझी जाऊ हसता हसता चुलीत पडायची राहिली.

वडिलांनी मला जेवणाचे किती झाले विचारलं आणि पाकीट काढलं. माझा हात पुढे गेलासुद्धा. पण मुलगी खाली बघत पायाने माती उकरत होती, अगदी मी सभेत उकरते तशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवली ती, देतली पण तीच."

"गो, तुका तोंड आसा तर," जाऊ म्हणाली. "आमका आजच कळला."

बोलले खरी, पण लगेच हिशेब आठवला. तीन हजार कुठून आणणार ही? तिने मात्र ओढणी कमरेला बांधली आणि काय करू विचारलं. एवढे बघे आलेत, त्यांना भजी विक म्हटलं आणि मी बेसन आणि कांदे पुढे ठेवले. पहिला घाणा आतून कच्चा. तो जावेने कोंबड्यांना टाकला, तर कोंबड्याही चोच लावून मागे सरल्या. दुसरा करपला. तो वडिलांनी चवीने खाल्ला, आणि पोरीने त्यांच्याकडूनही प्लेटचे वीस रुपये घेतले. तिसऱ्यापासून जमलं. लाइव्ह बघून कणकवलीपर्यंतची पोरं आली. ती ओरडून ओरडून घोगरी झाली, मी कांदे चिरत हसत होते, डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कळत नव्हतं.

कौल मिळाला, गाव घरी परतला, दुसऱ्या दिवशी सभा. बेसन-तेलाचे वजा करून उरलेल्या तेलकट नोटा तिने स्वतः चटईवर मांडल्या. दोन हजार नऊशे साठ. मी मान खाली घातली. तिने मात्र माझ्या जावेकडे बघून दोन प्लेट उधारीची आठवण करून दिली, अगदी गोड आवाजात. बायका खिदळायला लागल्या. जाऊ पुटपुटत उठली, कमरेची पिशवी सोडली आणि चाळीस रुपये चटईवर ठेवले. अध्यक्षबाईंनी तीन हजार मोजून घेतले आणि वहीत माझ्या नावापुढे रेघ मारली.