साहेबांनी फिरवलेला डबा

आमच्या वडवणीच्या गल्लीत एक साहेब राहतात. आधी नौदलात, मग परदेशातल्या आपल्या दूतावासात, शेवटी दिल्लीत मोठे अधिकारी. आता रोज गच्चीवर उभे राहून वारा बघतात. हो किंवा नाही हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाहीत.

धाकट्या भावाशी बांधावरून माझं बोलणं बंद झालं, तेव्हा मीच हुशारी करून साहेबांना मध्ये घातलं. ते त्याच्याकडं गेले, जेवले, आणि भावजयीच्या हातचा ठेचा डब्यात घेऊन माझ्याकडं आले.

"साहेब, बांधाचं काय?"

"ठेचा लई झकास हाय."

मी कपाळावर हात मारला. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, म्हणून बायकोनं त्यात धपाटे भरले. तेही साहेबांनीच पोचवले. मग तिकडून लोणचं, इकडून शेंगदाण्याची चटणी. बांधाचं मात्र नावच नाही! शेवटी वैतागून मी वकिलाकडं निघालो, तर दारात भावजय.

"दादा, साहेब आज आलेच न्हाईत, म्हणून डबा मीच आणला. तुमी कुठं निघालात?"

"कुठंच न्हाई," म्हणत मी चपला काढल्या.

समोरच्या गच्चीवर साहेब वारा बघत होते. माझ्याकडं मुळीच नाही.